मग तुझ्या जेवणाचं काय?

सध्या आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या शेजारी एक काळी पत्र्याची पेटी ठाण मांडून बसलीय. लक्ष्मीपुरीतून आणली. रिक्षात मावेना, शेवटी एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडलो. घरी येणारा प्रत्येक जण आधी पेटीकडे बघतो आणि मग माझ्याकडे. पेटीकडे बघताना चेहऱ्यावर कुतूहल असतं, माझ्याकडे बघताना दया.

पेटी माझी नाही, बायकोची आहे. ज्यांना अजून कळलं नसेल (असं आता कोल्हापुरात कुणी उरलं असेल असं वाटत नाही, पण तरी) त्यांच्यासाठी सांगतो. ही भूलतज्ज्ञ आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिला आर्मी मेडिकल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळालंय. दिल्लीची मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणी झाली, पत्र आलं. पुढच्या गुरुवारी निघायचंय. आधी लखनौला ट्रेनिंग, मग जिथे पाठवतील तिथे. सुरुवातीला पाच वर्षं, पुढे वाढवता येतात. मी आणि आमची सहा वर्षांची चिमणी, आम्ही इथेच. चिमणीची शाळा इथे, माझी कॉलेजातली नोकरी इथे, आई इथे. पोस्टिंग कुठे पडतंय त्यावर पुढचं पुढे ठरवू.

तर बातमी फुटल्यापासून आमच्याकडे माणसांची रीघ लागलीय. काका, आत्या, मामी, हिचे माहेरचे, शेजारचे, माझ्या कॉलेजातले, अगदी दूधवालासुद्धा. सगळे प्रेमानंच येतात हं, त्याबद्दल शंका नाही. पण अभिनंदनाचा पेढा तोंडात असतानाच जो प्रश्न येतो तो ठरलेला आहे, आणि तो हिला नसतो, मला असतो.

"मग तुझ्या जेवणाचं काय?"

पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा विनोद केला, म्हटलं कोल्हापुरात माणूस एक वेळ पुरात वाहून जाईल पण उपाशी मरणार नाही, गल्लीगल्लीत खानावळ आहे. पाचव्या-सहाव्या वेळेला विनोद संपले. सतराव्या वेळेला (होय, मी मोजलं, शिक्षकी पेशा आहे, हजेरी घ्यायची सवय) डोकं फिरलं. म्हणून आज लिहायला बसलोय. वाचणाऱ्यांपैकी निम्मे नातेवाईकच आहेत याची पूर्ण कल्पना आहे. त्यातल्या काहींनी हा प्रश्न विचारलाय याचीही. राग आला तर घरी येऊन भांडा. चहा मीच करेन, पिण्यालायक करतो.

आता मला सांगा. आमचा मामेभाऊ फौजेत भरती झाला ते आठवतंय ना? गडहिंग्लजकडचं त्यांचं गाव. आपण सगळे गेलो होतो. सकाळी सकाळी हलगी, गुलाल, एस.टी. स्टँडपर्यंत मिरवणूक. वेशीवर त्याचा भला मोठा फोटो असलेला फलक, त्यात खाली आपल्या सगळ्यांची नावं, माझंही होतं. मामा रडले, सरपंच बोलले, शाळेतली पोरं घोषणा देत होती. छान वाटलं. खरंच छान वाटलं, मी त्याला नावं ठेवत नाही. या जिल्ह्यात फौजेला मान आहे, आणि असायलाच हवा. बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. टेंबलाईच्या टेकडीवर टेरिटोरियल आर्मीची बटालियन. शिरोळ तालुक्यात तर सैनिक टाकळी नावाचं गावच आहे, नावातच सैनिक. आपल्याकडे फौज हा काही पेपरातला विषय नाही, घरातला आहे.

पण आता पुढचं आठवा. त्याचं लग्न झालं आणि वर्षा-दीड वर्षात तो कमांडो कोर्सला बेळगावला गेला. तेव्हा वहिनीला सातवा महिना होता. घरात सासू आजारी, गोठ्यात दोन म्हशी, शेतात ऊस. मी त्या वेळी त्यांच्याकडे दोन दिवस राहून आलो होतो. वहिनी पहाटे उठून धारा काढत होती, डेअरीला दूध घालून येत होती, मग स्वयंपाक. आपल्यापैकी किती जणांनी तिला विचारलं होतं, की बाई गं, तुझ्या जेवणाचं काय?

एकानंही नाही. मीही नाही. मी तिच्या हातचं जेवून आलो आणि "फौजीची बायको आहेस, खंबीर राहायला पाहिजे" असं काहीतरी तिला ऐकवून आलो. आज आठवलं की कसंतरीच होतं.

हा माझा मुद्दा आहे, आणि तो एवढाच आहे. नवरा गेला आणि बायको मागे राहिली तर ती मागे राहिलेली दिसतच नाही. ते गृहीत आहे, पावसाळ्यात पंचगंगेला पाणी येतं तसं. तिला आपण एक शब्द देतो, वीरपत्नी, आणि तो शब्द देऊन झाला की आपली जबाबदारी संपते. पण बायको गेली आणि नवरा मागे राहिला की एकदम सगळ्या गावाला दिसतं, अरे, इथे एक माणूस मागे राहिलाय! त्याचं जेवण! त्याचे कपडे! त्याच्या पोरीच्या वेण्या! म्हणजे मागे राहणं कठीण असतं हे आपल्याला कळतं. चांगलंच कळतं. फक्त पुरुषाच्या बाबतीत कळतं.

आई परवा हे सगळं ऐकत होती. ती फारशी बोलत नाही. पाहुणे गेल्यावर पेल्या उचलता उचलता म्हणाली, "तुझे वडील रत्नागिरी डेपोला होते चार वर्षं. महिन्यातनं एकदा यायचे. तू पाचवीत, ताई तिसरीत. मला नाही बाबा कुणी काही विचारलं." एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी चाळीस वर्षांचा होत आलो, पण वडील एस.टी.त रत्नागिरीला होते ही गोष्ट मी आजवर वडिलांची गोष्ट म्हणूनच सांगत आलोय. ते कसे एकटे राहायचे, हाताने कसे करून खायचे. ती आईचीही गोष्ट होती हे मला त्या दिवशी कळलं.

असो. आता आक्षेपांकडे वळू, कारण नुसतं चिडून उपयोग नाही.

पहिला आक्षेप: "पोरीला आई लागते."

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. लागते. चिमणीला रात्री झोपताना आईच्या कानाची पाळी हातात लागते, आणि माझ्या कानाची पाळी तिला चालत नाही, प्रयोग करून झालाय. गुरुवारची रात्र कशी जाणार आहे याचा विचार मी रोज करतो. पोटात गोळा येतो. हिला तर येतोच, ती दाखवत नाही इतकंच. तेव्हा पोरीला आई लागते हे मला सांगायला कुणी यायची गरज नाही, आमच्या घरात ते रोज रात्री साडेनऊला कळतं.

पण पोरीला बापही लागतो ना? वहिनीचा मुलगा जन्मला तेव्हा बाप बेळगावच्या जंगलात दोरीला लटकत होता. पोरगं दीड वर्षाचं झालं तरी बापाला बघून रडायचं. तेव्हा आपण सगळे हसलो होतो. "फौजी बापाला ओळखत नाही रे!" म्हणून गंमत वाटली होती. तेव्हा कुणाला वाटलं नाही की याला बाप लागतो. त्या पोराचं जे गेलं त्याला आपण त्याग म्हटलं. माझ्या पोरीचं जे जाणार आहे त्याला हयगय म्हणताय. एक तर दोन्हीला त्याग म्हणा नाहीतर दोन्हीला हयगय. मला दोन्ही चालेल, पण माप एक ठेवा.

दुसरा आक्षेप हळू आवाजात येतो: "डॉक्टर आहे, इथं काय कमी होतं? पैशाची तर अडचण नव्हती."

नव्हतीच. उलट कमीच मिळणार आहेत. यावर मी हिलाच विचारलं होतं. ती म्हणाली, "मला जायचंय." मी म्हटलं, हो, पण का? ती म्हणाली, "अरे, मला जायचंय." मग जरा वेळाने बोलली. इंटर्नशिपच्या वेळी एका मैत्रिणीबरोबर फॉर्म आणला होता, भरला नाही. मग एम.डी., मग लग्न, मग चिमणी. आता वयाची मर्यादा संपत आली होती, पदव्युत्तरांना पस्तीसपर्यंतच भरता येतो. "आता नाही भरला तर साठाव्या वर्षी पेन्शनीत बसून तुला रोज ऐकवेन," म्हणाली.

बस. एवढंच कारण. आणि मला वाटतं नेमकं हेच पचत नाहीये. बाई घराबाहेर पडली तर तिच्याकडे मोठं, पवित्र, कुणाच्या तरी नावाचं कारण असावं लागतं. नुसतं "मला जायचंय" चालत नाही.

कर्नल संतोष महाडिक आठवतात ना? शेजारच्या साताऱ्याचे, पोगरवाडीचे. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना गेले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन लहान मुलांना बोर्डिंगात ठेवून चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत गेल्या, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. अख्ख्या महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. त्या बाईंपुढे मान खालीच जाते. त्या वयात, त्या दुःखात, विशी-बाविशीच्या मुलींबरोबर धावायचं म्हणजे चेष्टा नाही. पण तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या सगळ्यांना एक विचारतो. त्यांचीही मुलं लहान होती. "पोरांना आई लागते" असं तेव्हा आपण म्हटलं नाही. का? कारण आपल्या हिशोबात त्या गेलेल्या नवऱ्याच्या वाटेनं चालल्या होत्या. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक, मी आपल्या टाळ्यांबद्दल बोलतोय. नवरा गेल्यावर त्याच्या वाटेनं जाणारी बाई आपल्याला देवघरात ठेवावीशी वाटते. नवरा धडधाकट, हॉलमध्ये चहा पीत बसलेला, आणि बाई स्वतःच्या वाटेनं चाललीय, हे बघितलं की आपल्याला त्याच्या जेवणाची काळजी लागते.

आता कुणी म्हणेल, हे आपल्या काकी-मामींचं झालं, जुन्या वळणाची माणसं, सोडून दे. नाही हो. हाच प्रश्न दिल्लीत, सुप्रीम कोर्टात, सरकारी वकिलांच्या कागदात लिहिलेला होता. डॉक्टर आणि नर्सेस सोडून इतर शाखांत स्त्रियांना १९९२ पासून घ्यायला लागले, पण कायम कमिशन द्यायची वेळ आली तेव्हा सरकारनं काय बाजू मांडली? की बाळंतपण, मुलं आणि घरच्या जबाबदाऱ्या यांमुळे स्त्री अधिकाऱ्यांना ही नोकरी अवघड जाते, आणि जवान बहुतांशी खेड्यातून आलेले, त्यांना बाईचा हुकूम मानायची सवय नाही. १७ फेब्रुवारी २०२० ला न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती रस्तोगी यांनी हा युक्तिवाद फेटाळला. या सगळ्या बायकांविषयीच्या ठोकळेबाज समजुती आहेत, त्यावर नोकरीचे नियम बेतता येणार नाहीत, असा त्या निकालाचा अर्थ. घरच्या जबाबदाऱ्या म्हणजे काय? साध्या मराठीत, मग तुझ्या जेवणाचं काय! म्हणजे आमच्या आत्याचं आणि संरक्षण मंत्रालयाचं म्हणणं अगदी एक होतं. फरक एवढाच, की आत्यानं येताना लाडू आणले होते.

आणि नर्सेसचं सांगू? त्यांना तर आपण फौजेत स्त्रिया म्हटलं की पहिल्यांदा दाखवतो. मार्च १८८८ मध्ये दहा इंग्रज नर्सेस मुंबईच्या बंदरावर उतरल्या, तिथून लष्करी नर्सिंगचा इतिहास सुरू होतो. जवळपास शंभर वर्षांनंतर, १९८८ मध्ये, सेलिना जॉन या मिलिटरी नर्सिंगमधल्या लेफ्टनंटना नोकरीवरून काढलं. कारण? लग्न केलं. बस. १९७७ चा तसा नियमच होता, तो १९९५ मध्ये मागे घेतला. त्या बाई लढत राहिल्या आणि १४ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं त्यांना ६० लाख रुपये द्यायला सांगितले. छत्तीस वर्षं! लग्न झालं म्हणून पुरुष नर्सला काढणारा नियम मात्र नव्हता. म्हणजे लष्करालासुद्धा हीच चिंता पडली होती, ही आली तर घरी तिच्या नवऱ्याच्या जेवणाचं काय?

तिसरा आक्षेप खरं तर आक्षेप नाही, कौतुक आहे, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. "तू परवानगी दिलीस, मोठं मन लागतं हो!"

परवानगी मला कुणी विचारली नव्हती, आणि विचारायचं काही कारणही नव्हतं. आम्ही दोघांनी बसून ठरवलं, जसं घर घेताना ठरवलं, चिमणीची शाळा ठरवली. वहिनीला कुणी म्हटलं होतं का, "तू नवऱ्याला फौजेत जायची परवानगी दिलीस, मोठं मन तुझं"? तिच्या परवानगीचा प्रश्नच नव्हता. माझ्या मात्र परवानगीचा सत्कार!

आपलं कोल्हापूर यात जुनं आहे. आनंदीबाई जोशींना सगळे ओळखतात, पण त्यांचा कोल्हापूरशी संबंध पुष्कळांना माहीत नसतो. गोपाळराव इथे पोस्टात नोकरीला होते, आणि बायकोला अमेरिकेत शिकवावं म्हणून त्यांनी इथूनच मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ साली आनंदीबाई नवऱ्याशिवाय बोटीनं गेल्या. जाण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या, भर सभेत उभं राहून आपण का जातोय याचा खुलासा त्यांना करावा लागला. अठराही पूर्ण न झालेली मुलगी! १८८६ साली डॉक्टर होऊन आल्या तेव्हा कोल्हापूर संस्थाननं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या कक्षाचं काम दिलं. तेच आपलं आजचं सी.पी.आर. पण त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, वयाची बावीस वर्षंही पूर्ण नव्हती.

शंभर-सव्वाशे वर्षं आपण ही गोष्ट कशी सांगतो? गोपाळरावांनी शिकवलं, गोपाळरावांनी पाठवलं. त्याच गोपाळरावांनी शिकवताना तिला मारलंही, हे तिच्याच पत्रांतून कळतं. समुद्र ओलांडला तिनं, थंडीत कुडकुडली ती, क्षयानं खंगली ती, आणि "पाठवणारा" तो. सी.पी.आर.वरून जाताना हल्ली मला हे रोज आठवतं. मला गोपाळराव व्हायचं नाही. त्यांच्यातलं वाईट तर नकोच, पण चांगलंही नको. मी कुणाला पाठवत नाहीये. ती जातेय.

आणि कावळा नाक्यावरची ताराराणी? आपल्या शहराच्या तोंडाशीच उभी आहे, घोडा उधळलेला, हातात तलवार. राजाराम महाराज १७०० साली गेले आणि पदरात लहान मूल असताना पंचविशीतल्या या बाईनं सात वर्षं औरंगजेबाशी झुंज चालवली. येणाऱ्या पाहुण्यांना आपण अभिमानानं पुतळा दाखवतो. परवा एक काका कावळा नाक्यावरून वळूनच आमच्याकडे आले, पुतळ्याला नमस्कार करून आले असतील, आणि सोफ्यावर टेकत म्हणाले, "बायकांना नाही बाबा झेपायचं ते मिलिटरीचं." ताराराणी चौकात असावी. आपल्या घरात नको.

इतकं बोलल्यावर आता स्वतःकडे बोट दाखवतो, नाहीतर ही सगळी ऐट फुकट आहे.

हिनं मला पहिल्यांदा सांगितलं तो दिवस. रात्रीचे अकरा. ओट्यापाशी उभी होती, म्हणाली, निवड झाली. मी काय बोललो असेन? "वा" म्हटलं, अभिनंदन म्हटलं, आणि त्याच श्वासात विचारलं, "मग चिमणीच्या रिक्षाचं सकाळी कोण बघणार?"

हाच तो प्रश्न. फक्त कपडे बदलून आलेला. स्वतःच्या जेवणाचं विचारायची लाज वाटली म्हणून पोरीच्या रिक्षाआड लपलो. तिनं काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर एक कागद चिकटला. रिक्षावाल्याचा नंबर, गॅसचा नंबर, लसीची तारीख, डब्यात सोमवारी काय मंगळवारी काय. मग ती कामालाच लागली. मे महिन्यात डंकावर जाऊन वर्षाची चटणी कुटून आणली. कांदा-लसणाचे मसाले, बरण्यांवर चिठ्ठ्या. माझ्या शर्टांची तुटलेली बटणं. चिमणीचे पुढच्या इयत्तेचे गणवेश, एक माप मोठे. आईची औषधं तीन महिन्यांची, सकाळ-दुपार-रात्र अशा खोक्यांत.

आणि पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर धावायला जायची ठरलेली होती, ते आठवड्यातून चारदा चुकायला लागलं. कारण रात्री बारापर्यंत ती बरण्या भरत होती.

एका रात्री मी पाण्याला उठलो तर ही स्वयंपाकघरात खाली बसून मेतकुटाचा डबा बंद करत होती आणि पायाला बाम चोळत होती. नवे बूट घालून सराव सुरू केलाय, टाचा सोललेल्या. मला एकदम मामेभाऊ आठवला. त्याची पेटी कुणी भरली होती? वहिनीनं. बनियनवर नंबर घालण्यापासून लाडवाच्या डब्यापर्यंत. जाणाऱ्या पुरुषाला एकच तयारी करायची असते, स्वतःची, आणि त्यातली निम्मी त्याची बायको करते. जाणाऱ्या बाईला दोन तयाऱ्या कराव्या लागतात. एक स्वतःच्या जाण्याची आणि दुसरी, आपण गेलोय हे घराला कळू नये याची. तिथे लखनौला ड्रिल असेल, पी.टी. असेल, फायरिंग असेल. ते मैदान कुणाला "घरी मसाले करत होते" म्हणून सूट देणार नाही.

मी फ्रिजवरचा कागद काढला. नाट्य वगैरे काही नाही, काढला आणि म्हटलं, हा मी लिहितो, तू पळायला जा. ती म्हणाली, "तुला चिमणीच्या लसीची तारीख माहितीय?" नव्हती माहिती. कार्ड शोधायला वीस मिनिटं लागली. पण सापडलं. सहा वर्षांत ते कार्ड मी पहिल्यांदा उघडलं, हेही इथे लिहून ठेवतो.

गेला महिनाभर डबा मी करतोय. पोळ्या अजून नकाशासारख्या होतात. चिमणीला वेणी घालता येत नव्हती, आता दोन घालता येतात, एक वर एक खाली. आईच्या औषधांत एकदा घोळ घातला आणि तिनंच तो पकडला. जमतंय असं म्हणणार नाही. जमवतोय. आणि यात मोठं मन वगैरे काही नाही, वहिनी हे सगळं वर्षानुवर्षं म्हशींसकट करतेय.

तेव्हा मंडळी, रागावला असाल तर रागवा, पण एवढं ऐका. पुन्हा आमच्याकडे याल तेव्हा प्रश्न हिला विचारा. बूट चावतात का विचार. भीती वाटते का विचारा. लखनौला थंडीत काय काय लागतं, फायरिंगची छाती धडधडते का, कॅप्टन म्हणून हाक मारल्यावर कसं वाटेल, काहीही विचारा. माझ्यासाठी सहानुभूतीचा डबा आणू नका. खरंच मदत करायची तर एखाद्या रविवारी चिमणीला तुमच्याकडे न्या, आईला दवाखान्यात सोबत करा. आणि हो, ज्यांच्या घरातून पोरगा फौजेत गेलाय आणि सून मागे आहे, त्यांच्याकडे आज संध्याकाळी जाऊन या. तिला हा प्रश्न विचारा. बारा वर्षं उशीर झालाय, पण मी मागच्या रविवारी गडहिंग्लजला जाऊन वहिनीला विचारून आलो. ती आधी हसली. मग म्हणाली, "आत्ता आठवण झाली व्हय भावजी?" आणि मग बराच वेळ बोलत बसली.

काल पेटीवर नाव घालायला पेंटर आला होता. पांढरा रंग उघडून, ब्रश ओला करून मला म्हणाला, "बोला साहेब, तुमचं नाव काय घालू?" मी आत हाक मारली. ही बाहेर आली आणि तिनं स्वतःच सांगितलं, कॅप्टन, आणि पुढे पूर्ण नाव. पेंटरनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मुकाट्यानं लिहिलं. जाताना मात्र जिन्यात थांबला.

"मग साहेब, तुमच्या जेवणाचं..."

अठरा.

गुरुवारी सकाळी कोयनेनं पुणे, तिथून पुढे लखनौ. हलगी मिळाली तर आणा. गुलाल मी आणलाय.